७४२ दिवस न थांबलेला सर्व्हर

बेळगावच्या उद्यमबागेतून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी इथल्या एका छोट्या फाउंड्रीत ड्रॉइंग विभागात लागले. संगणकाचं थोडं जमतं म्हणून सर्व्हरही माझ्याकडेच आला. आधी तो बघणारे दादा पुण्याला गेले. त्यावर उबंटू लिनक्स १८.०४ आहे, आणि सांबा या फाइली वाटणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळी ड्रॉइंग, पॅटर्नच्या फाइली शॉपमध्ये उघडतात. अपटाइम, म्हणजे न थांबता चालल्याचा काळ, ७४२ दिवस दाखवतो, मालकांना त्याचा अभिमान आहे. घरून काम करता यावं म्हणून दादांनी राउटरमधून एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) बाहेर उघडून ठेवलंय. परवा सहज लॉग बघितला तर रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या) नावानं चुकीच्या पासवर्डच्या हजारो ओळी! मालकांना दाखवल्या तर म्हणाले, 'लिनक्स हाय की ते, त्याला काय होत नाही. चाललंय त्याला कशाला हात लावालीस?' अपडेट केलं आणि बंद पडलं तर माझ्यावर येणार, आणि न करावं तर रात्री झोप लागत नाही. काय करू?"

ताई, एक काम आजच करा, बाकीचं सावकाश. राउटरच्या पानावर जाऊन एसएसएचसाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत उघडलेली वाट, काढून टाका. याला मालकांची परवानगी लागणार नाही, सर्व्हरला हात लावावा लागणार नाही आणि शॉपमधलं कुणाचंही काम अडणार नाही. अडलंच तर फक्त तुमचं घरून होणारं काम अडेल. ते महिनाभर थांबू द्या.

आता त्या ओळींबद्दल. इंटरनेटवर २२ नंबरचा, म्हणजे एसएसएचचा, पोर्ट ज्यानं ज्यानं उघडा ठेवलाय, त्या प्रत्येकाच्या लॉगमध्ये त्या असतात. तुमच्या फाउंड्रीचं नाव घेऊन कुणी बसलेलं नाही. सगळे पत्ते ओळीनं तपासत फिरणारे प्रोग्रॅम असतात. ते रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, उबंटू अशी ठरलेली नावं आणि ठरलेले पासवर्ड लावून बघतात आणि पुढे जातात. रात्री गल्लीतून जाताना कुणीतरी प्रत्येक दाराची कडी हलवून बघावी, तसं. कडी हलल्याचा आवाज आला म्हणजे चोर घरात शिरला असं होत नाही. म्हणून त्या हजारो 'फेल्ड' ओळी बाजूला ठेवा आणि त्याच फाइलमध्ये 'अक्सेप्टेड' हा शब्द शोधा. जे जे लॉगिन यशस्वी झालं त्याची ओळ तिथे नाव, वेळ आणि आयपी पत्त्यासह असते. प्रत्येक ओळीला स्वतःला विचारा, ही मी होते का? रात्री तीन वाजता मी जागी होते का? 'लास्ट' ही कमांडही हेच दुसऱ्या अंगानं दाखवते.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. उबंटूत हे लॉग साधारण चार आठवड्यांचेच राहतात, जुने आपोआप पुसले जातात. त्यामुळे लॉग स्वच्छ दिसला तरी सहा महिन्यांपूर्वी काय झालं ते कळत नाही. म्हणून आणखी तीन ठिकाणी बघा. प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये एसएसएचच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलीत अनोळखी किल्ली (पासवर्डशिवाय आत सोडणारी) आहे का? पासवर्ड फाइलीत रूटशिवाय आणखी कुणाचा यूजर आयडी शून्य, म्हणजे रूटइतकाच अधिकार, आहे का? क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) याद्यांमध्ये, रूटच्या आणि इतर सगळ्यांच्या, तुम्हाला न समजणारी ओळ आहे का? शिवाय 'टॉप' ही कमांड लावून पाच मिनिटं बघत बसा. फाइली वाटण्याचं साधं काम करणाऱ्या मशीनचा प्रोसेसर रिकाम्या वेळीही पूर्ण भरलेला दिसला तर दुसऱ्याच कुणाचं तरी काम त्यावर चाललंय, बहुतेक वेळा क्रिप्टोचलन खणण्याचं.

यातलं काहीही संशयास्पद सापडलं तर साफसफाई करत बसू नका. नेटवर्कची केबल काढा. एकदा ज्याच्या हातात रूट गेलं त्यानं काय काय बदललं याचा हिशेब कुणालाही लागत नाही, कारण ज्या कमांडनं तुम्ही तपासणार ती कमांडच त्यानं बदललेली असू शकते. तिथे नवी डिस्क आणि नवी स्थापना हाच रस्ता. फाइली जुन्या डिस्कवरून घ्यायच्या, प्रोग्रॅम एकही घ्यायचा नाही.

काही सापडलं नाही असं धरून पुढे जाऊ. तुम्ही लॉग 'सहज' बघितला असं लिहिलंय, पण मला त्या सहजपणाचं फार मोल वाटतं. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं ते सोडून दिलं नाही. खणत गेला तेव्हा एक्सझेड या फाइली दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेलं मागचं दार सापडलं. ते लिनक्सच्या मोठ्या वितरणांच्या (उबंटू, डेबियन अशा) पक्क्या आवृत्त्यांपर्यंत पोचायच्या आत पकडलं गेलं. (तुमच्या १८.०४मध्ये ती आवृत्ती नाही, काळजी नको.) मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड सगळ्यांसमोर असतो खरा, पण कुणीतरी बघावं लागतं. तुम्ही बघितलंत.

आता ते ७४२ दिवस. इथे मला तुमच्या मालकांशीच बोलायचंय, म्हणून हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. खंडेनवमीला तुमच्या शॉपमध्ये काय होतं? आदल्या दिवशी लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळं थांबतं. बुरादा काढला जातो, पुसून तेलपाणी होतं, पट्टे बघितले जातात, मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. त्या दिवशी कुणी म्हणत नाही की हा लेथ सात वर्षं थांबला नाही, म्हणून तो चांगला. उलट न थांबलेल्या लेथचं बेअरिंग कधी बसेल सांगता येत नाही, हे तिथल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरला मात्र कॅबिनेटवर हार घालतात आणि तसाच चालू ठेवतात. माझं मागणं एवढंच की त्यालाही इतर यंत्रांसारखं वागवा.

आत काय होतं ते सांगते. अपडेट आलं की नवा प्रोग्रॅम डिस्कवर उतरतो. पण चालू असलेला प्रोग्रॅम जुनी प्रत मेमरीत धरून बसलेला असतो, आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तर मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनंच राहतं. मशीन न थांबवता कर्नल दुरुस्त करण्याच्या, लाइव्ह पॅचिंगच्या, सोयी आहेत, पण तुमच्याकडे ती बसवलेली दिसत नाही. म्हणजे ७४२ दिवसांचा अपटाइम याचा अर्थ ७४२ दिवसांपूर्वीचं कर्नल. शिवाय १८.०४चा नेहमीचा पाठिंबा २०२३च्या मेमध्येच संपलाय. त्यानंतर सापडलेल्या भोकांची ठिगळं तुमच्यापर्यंत साध्या मार्गानं आलेलीच नाहीत. उबंटू प्रो नावाची जोडणी घेतली तर ती मिळतात आणि ५ मशीनपर्यंत ती मोफत आहे. नवी व्यवस्था उभी राहीपर्यंतचा आधार म्हणून ती जरूर घ्या, पण बॅकअप झाल्यावर.

तुमची भीतीही खोटी नाही. इतके दिवस न थांबलेलं मशीन थांबवलं की पुन्हा उठत नाही, असं घडतं. पण ते अपडेटमुळे क्वचितच. जुनी डिस्क थंड झाल्यावर फिरायचं नाकारते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, म्हणून घड्याळ आणि सेटिंग पुसलेली असतात. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी एखादी सेवा हातानं चालू केलेली असते, ती बूटच्या वेळी आपोआप सुरू व्हावी असं सांगायचं राहून गेलेलं असतं. हे सगळे दोष आत्ताही मशीनमध्ये आहेत, फक्त झाकलेले आहेत. एखाद्या जुलैच्या संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत असताना वीज जाईल, जनरेटर सुरू व्हायला उशीर होईल, यूपीएसची बॅटरी दगा देईल आणि ते सगळे एकदम बाहेर येतील, नेमके डिस्पॅच असलेल्या दिवशी. तुम्ही ठरवलेल्या सुट्टीच्या दिवशी, हाताशी सगळं घेऊन बसलेल्या असताना ते बाहेर आलेले कधीही बरे.

म्हणून थांबवायच्या आधी एका वहीत लिहून काढा: कोणत्या सेवा चालू आहेत, त्यातल्या कोणत्या बूटला सुरू व्हायच्या यादीत आहेत (सिस्टिमसीटीएल ही कमांड दोन्ही सांगते), कोणते पोर्ट ऐकतायत, कोणत्या डिस्क कुठे जोडल्यात आणि एफस्टॅब या, बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीच्या, फाइलीत त्यांची नोंद आहे का. चालू आहे पण यादीत नाही असं जे जे दिसेल तो उद्याचा बिघाड समजा. मदरबोर्डची ती नाण्याएवढी बॅटरी खडेबाजारातल्या घड्याळवाल्याकडेही मिळेल, आधीच आणून ठेवा.

बॅकअपबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंय, "बॅकअप रोज रात्री होतो, यूएसबी डिस्कवर". हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच वाक्य मी एकेकाळी मालकांना सांगत होते.

मी एका छापखान्यात संगणक सांभाळायचे. रोज रात्री दीड वाजता आरसिंक हे फाइलींची प्रत काढणारं साधन चालायचं, सकाळी 'पूर्ण झालं' अशी ओळ लॉगमध्ये दिसायची. ती बघून मी चहा घ्यायला जायची. दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवताना यूएसबीची केबल ढिली झाली आणि डिस्क सुटली. पण ज्या फोल्डरवर ती जोडली जायची ते फोल्डर तर जागेवरच होतं, रिकामं. आरसिंकला त्याचं काही वाटत नाही. त्याला फोल्डर दिसलं, त्यात त्यानं फाइली भरल्या, आणि काम पूर्ण झाल्याचं इमानदारीनं सांगितलं. साडेतीन महिने आमचा बॅकअप मूळ डिस्कच्याच पोटात जात होता. मग ती मूळ डिस्क गेली. दोन्ही एकदम गेलं. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतलं, जुळवून तयार असलेलं एका शाळेच्या स्मरणिकेचं काम त्यात होतं. प्रूफांच्या कागदी प्रतींवरून ते पुन्हा टाइप करायला आम्हाला अकरा दिवस लागले. रोज रात्री उशिरापर्यंत बसलेल्या त्या दोन कंपोझिटरांची तोंडं मला अजून आठवतात. चूक माझी होती. लॉगवर मी विश्वास ठेवला, डिस्क उघडून बघितली नाही.

म्हणून तुम्ही असं करा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ 'माउंटपॉइंट' या कमांडची ठेवा. डिस्क खरोखर जोडलेली नसेल तर स्क्रिप्टनं तिथेच थांबायचं आणि तुम्हाला कळवायचं. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर' कमांडनं बदलबंद करून ठेवा, म्हणजे चुकूनही त्यात काही लिहिलं जाणार नाही. एफस्टॅबमध्ये त्या डिस्कपुढे 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क नसेल त्या दिवशी सर्व्हर बूट होतानाच अडकून बसेल.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक ड्रॉइंग काढा, दुसऱ्या संगणकावर ठेवा, कॅडमध्ये उघडा, मापं वाचा. दर वेळी वेगळी फाइल घ्या, मुद्दाम जुनी. वहीत तारीख टाका. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलेलं नसेल तोवर आपल्याकडे बॅकअप आहे असं कुणालाही सांगू नका.

एक डिस्क सतत जोडलेली राहते, ती पुरत नाही. सर्व्हरवर कुणी घुसला तर तो जोडलेली डिस्कही पुसतो. आणि वीज कोसळली तर दोन्ही एकाच तारेवर असतात. दोन डिस्क घ्या. आठवड्यानं बदलायच्या, एक नेहमी कारखान्याच्या बाहेर. मालकांच्या घरी टिळकवाडीत किंवा शहापुरात, जिथे असेल तिथे, कपाटात. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कारखान्याबाहेर जाणारी डिस्क लक्स या लिनक्समधल्या सोयीनं कूटबद्ध करा, आणि तिचा सांकेतिक शब्द कागदावर लिहून मालकांच्या तिजोरीत ठेवा. तो फक्त तुमच्या डोक्यात राहता कामा नये.

हे झालं की मग नवी स्थापना. १८.०४वरून आहे त्याच डिस्कवर वर चढायचं तर २०.०४, मग २२.०४, मग २४.०४ अशी एकेक पायरी घ्यावी लागते, मधली गाळता येत नाही. प्रत्येक पायरीवर दादांनी हातानं केलेलं काहीतरी मोडणार. मी तो रस्ता सांगणार नाही. नवी एसएसडी आणा, जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा, आणि नव्या डिस्कवर उबंटू २४.०४ किंवा डेबियन १३ (हेही लिनक्सच) कोरं बसवा. बिघडलं तर जुनी डिस्क परत लावली की पंधरा मिनिटांत शॉप पूर्ववत. घाबरलेल्या माणसाला परतीची वाट दिसत असली की हात थरथरत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते. माझी पसंती डेबियनला. त्यात बदल कमी होतात, आणि फाउंड्रीला नवलाईशी काही देणंघेणं नसतं. पण तुमचा हात उबंटूवर बसलाय तर तेच घ्या. दोन्हीकडे 'अनअटेंडेड अपग्रेड्स' चालू ठेवा, म्हणजे सुरक्षेची ठिगळं रोज आपोआप येतील. पुन्हा सुरू करण्याची वेळ मात्र स्वतः ठरवा, महिन्यातून एका सुट्टीच्या सकाळी.

एसएसएचला पासवर्ड बंद करून किल्ली वापरा. ईडी२५५१९ प्रकारची बनवा, तिला सांकेतिक वाक्य द्या. रूटचं थेट लॉगिन बंद. सेटिंग बदलताना एक लॉगिन उघडंच ठेवायचं आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय हे बघून मगच पहिलं सोडायचं. उबंटू सर्व्हरवर एक फसगत होते, ती सांगून ठेवते. मुख्य फाइलीत तुम्ही पासवर्ड बंद केला तरी शेजारच्या कॉन्फिग-डी फोल्डरात क्लाउड-इनिट नावाची छोटी फाइल असू शकते आणि तिच्यात तो चालू असतो. एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम) आधी वाचलेलं धरतं, नंतरचं सोडतं. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. एसएसएचडीला कॅपिटल टी हा पर्याय देऊन प्रत्यक्षात लागू झालेली सेटिंग छापून घ्या. घरून काम पुन्हा सुरू करायचं तेव्हा वायरगार्ड हे व्हीपीएन (घर ते कारखाना खाजगी, बंदिस्त वाट) वापरा, एसएसएच बाहेर उघडू नका. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, आणि अनोळखी पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे कडी हलवणाऱ्याला दारच दिसत नाही.

मालकांचं "लिनक्सला काय होत नाही" हे मात्र खोडून काढायला हवं. तुमच्याकडे चालतं ते सांबाच घ्या. २०१७च्या मेमध्ये त्यात असं भोक सापडलं की ज्याला शेअरवर लिहिता येतं त्याला सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येई. आणि ते भोक २०१०च्या ३.५ आवृत्तीपासून तिथे होतं. पण मला त्याहून जास्त काळजी शॉपमधल्या विंडोज संगणकांची वाटते. व्हीएमसीजवळ (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राजवळ) पेन ड्राइव्ह फिरतात, ग्राहकाकडून येतात, जॉबवर्कवाल्याकडे जातात. त्यातला एक संगणक खंडणीच्या व्हायरसनं धरला तर तो शेअरवरच्या सगळ्या फाइली बसल्या जागी कुलूपबंद करतो. लिनक्स सर्व्हर त्या वेळी ठणठणीत असतो, त्याच्या दृष्टीनं एका ओळखीच्या वापरकर्त्यानं फाइली बदलल्या, एवढंच. म्हणून शॉपमधल्या संगणकांना ड्रॉइंग फक्त वाचता यायला हवीत. लिहिण्याचा हक्क तुमच्या विभागातल्या लोकांनाच, आणि तोही प्रत्येकाच्या वेगळ्या नावानं. सगळ्यांचा मिळून एक 'अ‍ॅडमिन' आणि त्याचा कारखान्याच्या नावावरून केलेला पासवर्ड, असं तुमच्याकडे असणार असं मला पत्राच्या सुरावरून वाटतंय. पुण्याला गेलेल्या दादांचं खातंही बंद करा. त्यांना फोन करून सांगा आणि मग करा, म्हणजे त्यात अविश्वास वाटणार नाही. शिवाय हातानं चालू केलेल्या सेवांची माहिती त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

राहता राहिलं "माझ्यावर येणार". पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य हेच आहे. जबाबदारी तुमच्या गळ्यात आणि ठरवायचा हक्क दुसऱ्याकडे, हे कुणालाही पेलत नाही आणि तुम्हीही ते मुकाट्यानं सोसू नये. मालकांना लॉगच्या ओळी पुन्हा दाखवू नका, त्यांना त्या कळत नाहीत. त्यांना एका पानावर लिहून द्या: काय मागतेय (एक एसएसडी, दोन बाहेरच्या डिस्क, यूपीएसची नवी बॅटरी, सुट्टीचा एक पूर्ण दिवस), बिघडलं तर परतीची वाट काय, आणि आज सर्व्हर गेला तर किती पॅटर्नची ड्रॉइंग नव्यानं काढावी लागतील. हा शेवटचा आकडा तुमच्याकडेच आहे. शेअरमधल्या फाइली मोजा आणि एका ड्रॉइंगला लागणाऱ्या तासांनी गुणा. ड्रॉइंगचे तास फाउंड्रीच्या मालकाला बरोबर कळतात. पानाखाली त्यांची सही घ्या. त्यांनी नाही म्हटलं तर तेही तारखेसह लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात तेच पान पुन्हा न्या. खंडेनवमी जवळ असेल तर तोच दिवस मागा, सगळी यंत्रं थांबलेली असतात, कुणी नाही म्हणणार नाही.

काम झाल्यावर कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: वीज गेल्यावर किती मिनिटं थांबायचं, कोणतं बटण एकदाच दाबायचं (धरून ठेवायचं नाही), परत चालू करताना आधी काय, मग काय, आणि तुमचा नंबर. मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्येही, तुमच्याच सेकंड शिफ्टमधल्या एखाद्या ऑपरेटरकडून लिहून घ्या. मग एका संध्याकाळी तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि वॉचमनकाकांना तो कागद वाचून सर्व्हर बंद-चालू करायला सांगा. जिथे ते अडतील ती ओळ बदला.